छोटी पेटी

१ मार्च
हट्ट्याला आले. खोली झकास! खिडकीसमोर घरमालकीण भागूबाईंचं हळद शिजवायचं आवार. बाईंच्या कपाळावर कायम आठ्या, पण चहा फक्कड. पुण्याचे सहकारी हसले होते, जीवाची सुरुवात शोधायला हिंगोली जिल्हाच सापडला का म्हणून. त्यांना काय कळतंय! पृथ्वीवरचे पहिले रेणू असेच डबक्यात उकळत, वाळत, पुन्हा भिजत एकमेकांना चिकटले असतील. कढईशेजारच्या डबक्याचं पाणी घेतलं. त्यातलं सगळं तपासून तसंच डबकं संगणकात मांडायचं. बाटली फुटकी निघाली, बोट कापलं, रक्ताचा थेंब आत पडला. दुसरी भरायचा कंटाळा केला.

साक्षी परभणीत तिच्या बाबांपाशी, विजयकुमारपाशी आहे. माझं सहा वर्षांचं लेकरू. येत्या शनिवारी येते असं कबूल केलंय.

४ मार्च
काम सुरू. संगणकातलं डबकं म्हणजे एक पेटी. तिला भिंती नसतात. रेणू उजवीकडून बाहेर पडला की डावीकडून आत येतो. पेटी मोठी हवी, नाहीतर रेणूला स्वतःचीच नक्कल भेटते. पण मोठीला महिना लागतो, आणि इथली वीज म्हणजे आली तर आपली. मी छोटी घेतली. कोण बघतंय!

८ मार्च
स्कूटीवर परभणीला निघाले. गावाबाहेरचं वळण घेतलं आणि उलट्या, वसमतच्या बाजूने पुन्हा हट्ट्यात शिरले. भागूबाई ओरडल्या, "आत्ता तर तिकडं गेल्त्या तुमी, इकडून काहून येऊन राहिल्या?" रस्ता चुकले म्हटलं. सरळ रस्ता कसा चुकतो, हा त्यांचा प्रश्न. मला त्यांचा रागच आला.

९ मार्च
चार वेळा गेले. चारही वेळा इथेच. बाकी गाव सुखाने जातं-येतं. गावातल्या लालसिंगच्या टेम्पोत बसून पाहिलं. वळणावर माझी सीट रिकामी झाली म्हणे. आता तो जवळ येत नाही. पोरं दगड मारतात. भागूबाई म्हणतात, खोली खाली करा. कुठे जाऊ?

१० मार्च
पेटीत मांडलेल्या रेणूंच्या यादीत रक्त सापडलं, बाटलीत पडलेलं. माझं. प्रोग्रॅम बंद केला, फायली पुसल्या. काही फरक नाही.
रस्त्यावर पुढे एक बाई स्कूटीवर. ओढणी माझी. मागे वळून पाहिलं— मागेही—

११ मार्च
विजयकुमारचा फोन. साक्षी रडते, तिला घेऊन येतो म्हणाला. नको म्हणाले. ओरडले. ती माझ्याच रक्ताची आहे. त्याला वाटलं, नवऱ्यावर चिडलीय, नेहमीसारखी. निघाला.

दुपार
आले. हाता-पाया पडून दोघांना परत पाठवलं. वळणापलीकडे मोटरसायकलवर तो एकटाच—
साक्षी वसमतच्या बाजूने धावत आली. खोलीत घेतली. कडी लावली. मांडीवर आहे.

दाराबाहेरही साक्षी. पाय भाजतात म्हणते. आवाज तोच. खोटी नाही. दोघीही खोट्या नाहीत.
उठायला गेले तर मांडीवरची हात सोडत नाही. ती आत आली की मी नाहीशी होईन म्हणते—
बाहेरचीचं रडणं थांबलं. मी कडी—