नारळ कुणी फोडायचा

४ फेब्रुवारी १९८६
गैबी आला! कुवेतहून, सुट्टीवर. तिथं गाड्यांचा मिस्त्री हाय. बूट बघा, घड्याळ बघा! गारगोटीच्या डॉक्टरची परदेशी गाडी आमच्या गॅरेजात पडून हाय. वायरिंगला मी, बादशहा, हे सगळ्या कोल्हापूरला म्हाईत हाय. पण मालकांनी — अप्पांनी — बॉनेट गैबीपुढं उघडलं. आत काळी पेटी हाय, इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते ती ठरवते म्हणं. ठरवू दे की!

५ फेब्रुवारी
काय थाट! आधी बॅटरीची वायर सोडली. मग हात धुतले — साबणानं! मग पेटीच्या प्लगाला हात घातला. "बादशहा, हिकडं ये, बघ. ह्यो प्लग वायरीला धरून ओढायचा न्हाय. आधी—" मी मुद्दाम शेजारच्या ट्रकचा हॉर्न दाबला. म्होरलं त्यात बुडालं.
अप्पांच्या बायकोनं, माईंनी, त्याला घरातनं कपबशीत चहा धाडला. मला आजवर टपरीचा गिलासच.

८ फेब्रुवारी
जळतोय मी. खोटं कशाला लिहू?
करंट हाय का बघायला वायर बॉडीला टेकवून ठिणगी पाडायची, ही आमची रीत. अप्पांनीच शिकवली. आज पेटीच्या वायरीला तसं करायला गेलो तर गैबीनं मनगटच धरलं. "अरं, मरंल की पेटी!" सगळ्यांसमोर! अप्पा हसले. पेटी त्याच्याच हातनं जळावी, असं दिवसभर वाटत होतं.

९ फेब्रुवारी
परत हाक मारली त्यानं. गेलो न्हाय.

११ फेब्रुवारी
गाडी चालू झाली. प्लगातली एक पिन गंजलेली, तेवढंच! आमच्यात गाडी उठली की मुख्य मिस्त्रीनं नारळ फोडायचा. तो मान माझा. आज अप्पांनी नारळ गैबीला दिला. मी खोबऱ्याला शिवलोसुद्धा न्हाय.

१४ फेब्रुवारी
सुट्टी संपली, गैबी कुवेतला गेला. सुटलो!
दुपारी माई स्वतः चहा घेऊन आल्या. कपबशीत. म्हणाल्या, "ह्यांनीच बोलावलं हुतं त्याला. ह्यांचं हात थरथरत्यात आता. गॅरेज बादशहाकडं द्यायचं हाय, त्याला नव्या गाड्या शिकवून जा म्हणाले." कपबशी तशीच भरलेली माईंच्या हातात परत दिली.

१५ फेब्रुवारी
मलकापूरची तसलीच गाडी आली. अप्पांनी सगळ्यांसमोर नारळ माझ्या हातात ठेवला. "शिकलास न्हवं? चालू झाली की फोड."
व्हय म्हणालो.
बॅटरी सोडली. हात धुतले. प्लग ओढायचा न्हाय, आधी—
आधी काय?