गाडी डावीकडे ओढते, मी नाही

९ नोव्हेंबर, रविवार
ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. आज सक्करदरा चौकात सिग्नलला थांबायला गेलो आणि थेट पाणीपुरीच्या ठेल्यासमोर जाऊन उभा राहिलो. बायकोला, वंदनाला, वाटलं मुद्दाम थांबलो. मी वाटू दिलं. पाणीपुरी चांगली होती.
गाडी जुनी आहे, पण निदान मीच करणार. ज्यानं सिंचन खात्यात उभी नोकरी कालव्याचं पाणी कुठे वळतं ते बघण्यात घातली, त्याला स्वतःची गाडी काहून वळते ते कळू नये?
घाईही आहे. १८ तारखेला, मंगळवारी, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. नरखेडहून त्यांना मी स्वतः गाडीनं आणणार, असं साऱ्या सासरवाडीला सांगून बसलो आहे.

१० नोव्हेंबर, सकाळी
कारण सापडलं. दोष रस्त्याचा. पाणी वाहून जावं म्हणून सिमेंट रोडला कडेकडे उतार देतात. गाडी त्या उतारानं वाहते. विषय संपला.

संध्याकाळी
शेजारच्या ताराचंदजींना हे समजावलं. ते म्हणाले, मग माझी गाडी काहून नाही वाहत? त्यांच्याशी यापुढे टेक्निकल चर्चा बंद.

११ नोव्हेंबर
चारही चाकांची हवा तपासली. बरोबर निघाली. फार निराशा झाली.

१२ नोव्हेंबर
वजन! वंदना डावीकडे बसते. तिला शास्त्रीय भाषेत समजावून सांगितलं. जेवण मिळालं. बोलणं मिळालं नाही.
नंतर एकट्यानं चक्कर मारली. तरी डावीकडेच. म्हणजे वंदना निर्दोष. तिला अजून कळवलेलं नाही. एवढ्या लवकर कळवलं तर आधी मी चुकलो होतो असा गैरसमज व्हायचा.

१३ नोव्हेंबर
लहानू मेकॅनिककडे गेलो. तो म्हणाला दोन्ही बाजू खोलून बघू. मी म्हटलं, ओढते डावीकडे, तर डावीच खोल. उजवीनं तुझं काय बिघडवलं? एका बाजूचे पॅड बदलत नाहीत म्हणून कुरकुरला, पण ऐकलं. डावा ब्रेक साफ केला, नवे पॅड टाकले.
घरी येताना जास्तच ओढली. नवे पॅड आहेत, रुळतील.

१५ नोव्हेंबर
वंदना बोलली. रिंग रोडला फेरी मारून आल्यावर तिनं खाली वाकून पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात नेला. डावं तापलेलं, उजवं गार. म्हणे, उजवा ब्रेक लागतच नाही आहे. एका बैलानं पाय रोवले आणि दुसरा चालतच राहिला, तर बंडी फिरणारच ना?
शेतकऱ्याची लेक. तिला सगळीकडे बैल दिसतात. अहो, ज्याला ताप येतो तो आजारी. उजवं चाक गार, म्हणजे ठणठणीत! हे सांगितल्यावर ती हात पुसून घरात गेली. पटलं असावं.
तसाही उपाय मी शोधला आहे. ब्रेक मारताना स्टेअरिंगला उजवीकडे एक हिसका. गाडी नाकासमोर थांबते. आता सवयच झाली. याला ड्रायव्हिंग म्हणतात.

१६ नोव्हेंबर, रविवार
वंदनाला घेऊन नरखेडला जाताना ड्रायव्हिंग उत्कृष्ट.
येताना गाव मागे पडलं आणि बकऱ्या आडव्या आल्या. जोरात ब्रेक मारला. हिसका दिला, पण कमी पडला. सासूबाई मागून म्हणाल्या, जवाईबापू, रस्ता इकडं हाय, तुमी तिकडं कुठं जाऊन राहिले? एवढ्यात आम्ही मोसंबीच्या बागेत होतो. दोन झाडांच्या मधोमध. माणसं सुखरूप, बकऱ्या सुखरूप.
सासूबाई उतरल्या, पदर नीट केला. म्हणाल्या, मले एका डोळ्यानं दिसते, तुमाले दोन असून काहून नाही दिसत? मग त्यांनी हात करून एसटी थांबवली. वंदनाही चढली. माझ्याकडे एकदाही न बघता.
बागवाल्यानं ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली. वर एक मोसंबी दिली. मला ती सोलता येईना. भर दुपारची वेळ, पण थंडी असावी.

१८ नोव्हेंबर
ऑपरेशन छान झालं. दवाखान्यात सगळे मला विचारत होते, गाडीनं आणलं ना? वंदना म्हणाली, हो. एवढंच. तिनं ओरडायला हवं होतं.

१९ नोव्हेंबर
लहानूला दोन्ही बाजू खोलायला सांगितलं. उजवा कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, गंजून जाम. कितीतरी महिन्यांपासून डावा बिचारा एकटाच गाडी थांबवत होता. थोडक्यात, निदान पहिल्यापासून माझंच बरोबर होतं: दोष ब्रेकमध्ये आहे. फक्त बाजूचा तपशील राहिला होता.
दोन्हीकडचं काम केलं. गाडी सरळ.

२१ नोव्हेंबर
सासूबाईंना तपासणीला गाडीनं नेलं. कशाबशा बसल्या. परत येताना गल्लीत ब्रेक मारला. गाडी अगदी सरळ थांबत होती. माझ्या हातानं मात्र उजवीकडे हिसका दिला.
ताराचंदजींचं फाटक वाकलं. ते काही बोलायच्या आत सासूबाई बोलल्या. वंदे, गाडी बेस हाय वं, जवाईबापूच ओढते.

२३ नोव्हेंबर, रविवार
वंदनाकडे लायसन्स आहे. माझी बदली धरणावर होती तेव्हा शिकली म्हणे. मी कधी विचारलं नाही, म्हणून तिनं कधी सांगितलं नाही.
आज सासूबाईंना नरखेडला सोडून आलो. गाडी वंदनानं चालवली. डावीकडच्या सीटवरून रस्त्याकडे बारीक लक्ष देता येतं. कुणी आडवं आलं की मी पायाखालची चटई गच्च दाबत होतो.
दर वेळी गाडी अगदी सरळ थांबली.