न आलेल्या गाडीचा सत्कार

चि. सौ. दैवशालास,

थोरल्या भावाचे, म्हंजे काकासाहेबाचे, पोटभर आशीर्वाद. पाव्हण्यांना नमस्कार सांग. त्यांच्या गुडघ्याला आता कसं आहे? मी मागं सांगितलेलं तेल लावणं चालू असेल तर बंद करा. तेच तेल मी माझ्या गुडघ्याला लावलं अन् आता दोन्ही गुडघे दुखून राह्यले (पहिले एकच दुखत होता). तुझी वहिनी दुर्गाबाई ठणठणीत आहे. मला अजूनही एक वाक्य पूर्ण करू देत न्हाई, यावरून तब्येतीचा अंदाज घे. बाकी इकडं सगळं खुशाल आहे असं लिहायचा रिवाज आहे, म्हणून लिहिलं. खरं काय ते खाली वाच.

तू म्हणशील, फोन असताना दादाला पत्र कुठून सुचलं? तर ऐक. फोनवर मी दोन वाक्यं बोललो की तू "हं, बराबर, हं" करतीस. मागून कुकरची शिट्टी होती अन् तू म्हणतीस, "ठेवते दादा, भात लागंल." चाळीस वर्षं झाली, तुझा भात काही लागला न्हाई अन् माझं म्हणणं काही संपलं न्हाई. पत्राला शिट्टी न्हाई. गॅस बंद करून, सावकाश बसून वाच.

विषय गाडीचा आहे. आपल्या गावाहून सकाळी घनसावंगीला बस जाती अन् संध्याकाळी पाचला तिकडून येती, हे तुला सांगायला नको. लग्नाआधी तू त्याच गाडीनं शिवणक्लासला जात होतीस. (जागा धरायला खिडकीतून चप्पल आत टाकायचीस, अन् एकदा ती कंडक्टरच्या डोक्यात बसल्ती. मिटवायला मलाच यावं लागलं होतं.) त्यातली सकाळची बस चालू आहे. संध्याकाळची पोळ्यापासून बंद झाली. म्हंजे आपल्या पोरींना कॉलेजात नेऊन सोडायची सोय आहे, परत आणायची न्हाई. बायांना अर्धं तिकीट आहे. मला तर पंचाहत्तरी झाल्यापासून बिलकुल फुकट आहे. पण गाडीच न्हाई तर तिचं अर्धं करा, पाव करा, नाहीतर वर खायला पेढा द्या, फरक काय पडतो?

आपल्या गावच्या सात पोरी घनसावंगीला कॉलेजात जातात. त्यात माझी नात, आपल्या पप्पूची ज्योत्स्ना, एक. (हे नाव तुझ्या हट्टानं ठेवलं. गावात अजून कोणाला नीट म्हणता येत न्हाई.) बारावीला आहे, सायन्सला, अन् नर्सिंगला जायचं म्हणती. कॉलेज साडेचारला सुटतं. मंग सातही जणी बबलूच्या जीपची वाट बघत उभ्या. बबलू पोरगा वाईट न्हाई, पण जीप भरल्याशिवाय हलवत न्हाई, अन् भरणं म्हंजे काय याची त्याची व्याख्या आपल्यासारखी न्हाई. पहिले बाजार करून आलेले बाप्ये बसतात, मंग पोती, मंग जागा उरली तर पोरी. घरी यायला अंधार पडतो. मागच्या महिन्यात जीपमधला कोणी तरी काही तरी बोलला. काय बोलला ते ज्योत्स्ना सांगत न्हाई. पप्पूनं तेवढंच ऐकलं अन् म्हणाला, "बस झालं कॉलेज. परीक्षा बाहेरून देऊ, न्हाईतर नको देऊ." पोरगी रडली बिडली न्हाई. ताट सारून उठली. मला त्या ताटातली भाकर बघवली न्हाई, दैवशाला. संक्रांतीपर्यंत गाडी चालू झाली तर ठीक, न्हाईतर नाव काढतो, असं पप्पूनं सांगून ठेवलंय. अन् तुला माहीत आहे, पोरगी घरी बसली की चार दिवसांत चहापोह्याला माणसं यायला लागतात.

मंग मी मनावर घेतलं. (दुर्गाबाई म्हणती, तुम्ही मनावर घेतलं की घरातल्या बाकीच्यांनी काळजावर घ्यावं.) ऑनलाइन सेंटरवाल्या भारतकडून सरकारी तक्रार टाकली. गावात सह्या घेतल्या. अन् आपला रामकिसन, जो प्रत्येक पुढाऱ्याला भाऊ म्हणतो अन् निवडणुकीगणिक भाऊ बदलतो, त्यानं एका संध्याकाळी पारावर येऊन सांगितलं, "काका, भाऊंनी वर फोन केलाय. सोमवारपासून गाडी चालू." मी म्हणालो, येऊ दे, मंग बघू. तर सगळे माझ्यावरच खेकसले. म्हणाले, काका, तुम्हाला रीतच समजत न्हाई. आभार आधी मानले की काम पक्कं होतं. माणूस एकदा फेटा बांधून घेतल्यावर मागं फिरेल का?

अन् ही आपल्याकडची रीत आहेच, खोटं कशाला बोलू? रस्त्याची मोजणी झाली की नारळ, खडी पडली की नारळ, अन् खडी तिथंच राहून तिच्यावर गवत उगवलं की वर्धापन दिन. पाण्याच्या टाकीचं उद्घाटन दोन भाऊंनी वेगवेगळं केलंय. टाकीत अजून पाण्याचा थेंब न्हाई, पण दोन पाट्या आहेत. आपल्याला काम झाल्याचा आनंद क्वचित मिळतो, म्हणून आपण तो आधीच करून घेतो. ही माझी स्वतःची फिलॉसॉफी आहे, पाव्हण्यांना वाचून दाखव.

तर बॅनर लागलं. बसथांब्यावरच, ऐसपैस. वर भाऊ हात जोडून. खाली मोठ्या अक्षरात, "गावकऱ्यांच्या लढ्याला यश! संध्याकाळची बससेवा सुरू केल्याबद्दल जाहीर आभार." त्याच्याखाली आमचे सगळ्यांचे चेहरे. माझा फोटो पप्पूच्या लग्नातला घेतला. तिथं माझ्या शेजारी उभ्या असलेल्या तुझ्या सासऱ्यांचा खांदा तेवढा बॅनरवर आलाय. शनिवारी डेपोतले साहेब आले. बिचारे भले गृहस्थ, स्वतःच्या चारचाकीतून आले. फेटा, शाल, नारळ. अन् वडीलधारा म्हणून भाषण माझ्या गळ्यात. मी माईक हातात घेतल्यावर काय होतं तुला माहीत आहे. मी म्हणालो, आज आमच्या लेकींची वाट मोकळी झाली. म्हणालो, साहेबांच्या रूपानं आमच्या गावात गाडी आली. टाळ्या पडल्या. साहेबांचे डोळे भरून आले. सगळं मोबाईलमध्ये शूट झालं.

सोमवारी गाडी आली न्हाई. आम्ही पाचपासून हार घेऊन उभे होतो, ड्रायव्हरला घालायला. मंगळवारी रामकिसन म्हणाला, टायर न्हाई. बुधवारी म्हणाला, ड्रायव्हर न्हाई. गुरुवारी रामकिसनच न्हाई, भाऊंबरोबर मुंबईला गेल्ता. हार शेवटी शेळीनं खाल्ला. तेवढं एकच काम त्या आठवड्यात पूर्ण झालं.

मंग मी भारतकडं गेलो अन् म्हणालो, आपल्या तक्रारीचं काय झालं बघ. त्यानं कंप्युटर उघडला अन् पडदा माझ्याकडं फिरवला. तक्रार निकाली निघाली होती. शेरा असा: "सेवा पूर्ववत. ग्रामस्थांनी जाहीर आभार मानले आहेत. पुरावा सोबत." अन् सोबत फोटो! मी, माईक अन् मागं बॅनर. नवी तक्रार टाकू म्हणलं तर ती पण परत आली. याच विषयावर अर्जदाराचं समाधान झालेलं आहे, म्हणे. माझं समाधान झालं अन् मलाच खबर न्हाई! मला राग आला, अन् त्याच्यापेक्षा जास्त लाज वाटली. सात पोरींची गाडी मी भाषणानं बंद पाडली.

दुसऱ्या दिवशी बबलूच्याच जीपमध्ये लटकून डेपोला गेलो. साहेबांनी चहा मागवला, खुर्ची दिली. वाईट बोलावं तर तोंडच उघडंना. आपणच शाल घातलेल्या माणसावर ओरडायला फार जड जातं. बहुतेक म्हणूनच साहेब लोकं शाली घेत असतील. ते म्हणाले, "काका, मी तरी काय करू? वर फोटो गेलाय. आता मीच गाडी चालू न्हाई म्हणून लिहिलं तर मला विचारतील, मंग फेटा कशाचा बांधून घेतला?" अन् मंग हळूच म्हणाले, "अन् खरं सांगू का, रागावू नका. तुमच्या गावची गाडी रिकामी पळायची. घरोघरी मोटरसायकली झाल्या. त्या सात पोरी सोडल्या तर कोणी चढलंच न्हाई, तेव्हा बंद झाली."

तिथं मी त्यांच्याशी भांडलो. पण घरी येईस्तोवर मला त्यांचं पटायला लागलं, अन् त्याचाच जास्त राग आला. बघ ना, नळ बंद पडला तेव्हा ज्यांच्याकडं पैसा होता त्यांनी जारचं पाणी चालू केलं. ओरडणारे तेच होते. ते गप झाले, नळ मेला. मास्तर वेळेवर येईनात तेव्हा सरपंचानं आपला नातू पिवळ्या गाडीच्या शाळेत घातला. आता आपल्या शाळेचं छत गळतं ते त्याला कसं दिसावं? दवाखान्याचं तेच. ज्याचा शब्द वर ऐकू जातो तो आपापलं बघून मोकळा होतो, अन् मागं राहतात ती ज्यांना कोणी विचारत न्हाई अशी माणसं. सरकार वाईट आहेच, त्यावर मी वेगळं पत्र लिहू शकतो. पण कुठल्या पक्षानं बुडवलं न्हाई तेवढं आपल्याला या "माझं भागलं"नं बुडवलं. हे मी चहाच्या टपरीवर सगळ्यांना ठणकावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, काका लाख बोललात म्हणाले, अन् आपापल्या मोटरसायकलीवर टांग टाकून गेले.

बॅनर अजून तसंच आहे. काढायला कोणी धजत न्हाई. भाऊंचा चेहरा उतरवला की माणूस दुसऱ्या भाऊंचा ठरतो. आता वाऱ्यानं एक बाजू सुटलीय अन् "आभार" तेवढं फडफडून राह्यलं. मी रोज डेपोला फोन लावतो. साहेब माझा नंबर ओळखायला लागलेत, त्यामुळं हल्ली दुसऱ्याच्या फोनवरून लावतो. बघू.

असो. हात दुखला. लेकरांना गोड पापा, पाव्हण्यांना पुन्हा एकदा नमस्कार, अन् कुकर लावायचा असेल तर आता लाव.

तुझा दादा,
काकासाहेब

ता. क. एक महत्त्वाचं राहिलं, खरं तर तेवढ्यासाठीच लिहायला बसलो होतो. तुझ्याकडं जालन्यात वरची खोली रिकामी आहे. बारावी होईस्तोवर ज्योत्स्नाला ठेवून घे. तिथल्या कॉलेजात बघता येईल. पप्पू तुझ्यापुढं तोंड उघडायचा न्हाई. पोरगी कामाला चांगली आहे, पोळ्या थोड्या जाड करती एवढंच. मला मागायची सवय न्हाई म्हणून एवढी पानं घालवली. एकदा तिची सोय लागली की मी पण डेपोचा नाद सोडीन म्हणतो. गुडघे आता साथ देत न्हाईत.

ता. क. दुसरा. बॅनरवर माझा फोटो मात्र खरंच चांगला आलाय. ते उतरलं की तेवढा तुकडा कापून ठेवायला दुर्गाबाईला सांगितलंय. पाकिटावरचा पत्ता ज्योत्स्नाकडून लिहून घेतो. माझं अक्षर पोस्टमनला लागत न्हाई.

ता. क. तिसरा (हा आजोबांचा नाही). दैवशाला आजी, नमस्कार. मी ज्योत्स्ना. पत्ता लिहायला आजोबांनी पाकीट उघडंच दिलं, म्हणून वाचलं. रागावू नका. तुमच्याकडं यायला मला खूप आवडलं असतं, गच्चीतली ती खोली तर मला लहानपणापासून आवडते. पण मी आले की संध्याकाळी थांब्यावर सहाच जणी उरतील. आमच्यातल्या बेबीनंदाचे आईबाबा ऊसतोडीला गेलेत, ती म्हाताऱ्या आजीजवळ राहते. तिला जालन्यात कोणी नाही, कुठंच कोणी नाही. बाकीच्यांचंही थोड्याफार फरकानं तसंच. आमच्यासाठी सगळ्या गावात रोज फोन लावणारं एकच माणूस आहे, अन् ज्या फोनवरून ते लावतात तो बेबीनंदाच्या आजीचा आहे. तुम्ही पप्पांना मात्र नक्की फोन करा, अन् कॉलेजातून माझं नाव काढू नका म्हणून सांगा. तुमचं ते ऐकतात. माझी सोय लागली की आजोबा थांबतील, आजी. म्हणून हात जोडून सांगते, माझी सोय करू नका.