बावीस फुटांचे घर

सुरगाणा तालुका, आमचा पाडा
३ फेब्रुवारी २०२६

ती. नानांस, उज्वलाचा सा. न. वि. वि.

तुमचे पत्र आणि गाडीचे चित्र काल नवनाथ कंडक्टरने आणून दिले. त्याने स्टँडवर तुमची तब्येत विचारली तर तुम्ही त्याला सुरगाण्याची बस किती वाजता सुटते ते सांगितलेत म्हणे. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या टर्बाइनने तुमचे कान नेले ते नेलेच. तुम्हाला फोन ऐकू येत नाही आणि इथे रेंज फक्त ओट्यावर येते, जिथे सगळे बसलेले असतात. म्हणून लिहिते.

चित्रात बावीस फूट लांबी आहे. पिकअपला जोडायचे चाकांवरचे घर. सहा जणांना झोपायची जागा, शेगडी, पाण्याची टाकी, कोपऱ्यात संडास. नाना, तुम्ही दोघे आहात. सहा जण कोण?

माझ्या नणंदेचे, प्रतिभाचे, लग्न एप्रिलअखेर आहे. तुम्ही दोघांनी तीन दिवस राहायचे असे आमंत्रण आहे. तुम्ही या गाडीतून येणार म्हटल्यावर सासूबाईंनी चित्र मागून घेतले. त्यांना वाचता येत नाही, पण चित्र कळते. शेगडीवर बोट ठेवून हे काय म्हणून विचारले. मग टाकीवर. मग म्हणाल्या, की चूल त्यांची, पाणी त्यांचे, अंथरूण त्यांचे, तर विहीणबाई आमचे काय फक्त अंगण वापरणार का.

मी चित्र घडी करून ठेवले. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आई इथे आली होती. सासूबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. आईने हातात घेतला आणि खाली ठेवला. दुपारपर्यंत बसली, चहा नाही, जेवण नाही, आणि बसने परत गेली. हर्षलचे आणि माझे लग्न जातीबाहेरचे. पाण्याला नको म्हणण्याचे कारण त्या दिवसापासून पाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ते खोटे आहे असे मला म्हणता येत नाही, कारण मलाही दुसरे कारण माहीत नाही.

शिवाय रस्ता. पाड्याच्या अलीकडे ओढ्यावर फरशीपूल आहे आणि फरशी संपताच वळण. हर्षल म्हणतो, एवढी लांब गाडी वळवली तर मागचे चाक ओढ्यात जाईल. गाडी फार मोठी आहे, नाना. अजून पत्रा कापलेला नसेल तर थांबवा.

लांबी कमी केली म्हणून तुमचा लोभ कमी होणार नाही, हे धरून चालते.
तुमची उज्वला

*

एकलहरे, नाशिक
९ फेब्रुवारी

चि. सौ. उज्वलास अ. उ. आ.

चित्र मी तुला पाठवले होते, पाड्याला नाही.

गाडी मोठी आहे असे धनराजही म्हणतो. तो अंबडच्या एमआयडीसीत ट्रॉल्या आणि टँकर बांधतो, तेव्हा त्याला कळत असणार. दोन माणसांना बारा फूट पुष्कळ, असे त्याने मला वहीवर लिहून दाखवले. मी त्याला सांगितले की मला दिसतही कमी.

सहा जण कोण असे विचारतेस. आम्ही दोघे, तू, जावई, आरोही. एक जागा रिकामी. रिकामी जागा असली की लोक हौस म्हणतात. म्हणू देत. चालत्या गाडीत मागे कोणी बसणार नाही, कायद्यालाही ते चालत नाही. माणसे पिकअपमध्ये बसतील, लागेल तिथे थांबू. फरशीचे म्हणशील तर गाडी अलीकडेच उभी करू आणि चालत येऊ.

विहीणबाईंना सांग, शेगडी मला सकाळच्या चहाला लागते.

आई आली तर याच गाडीने येईल. एसटीने नाही, भाड्याच्या जीपने नाही. हे तिचेही म्हणणे आहे. कारण लिहिण्यासारखे असते तर लिहिले असते. पुन्हा विचारू नकोस.

आरोहीला पापा. स्ट्रॉबेरी पाठवलीस ती पोचली, निम्मी नवनाथने खाल्ली असावी.
आशीर्वाद आहेतच,
नाना

*

पाडा
१६ फेब्रुवारी

ती. सौ. आईस, उज्वलाचा सा. न.

हे पत्र तुला आहे. नानांना दाखवू नकोस.

सासूबाईंनी काल सगळ्यांसमोर ठरवून टाकले. हळदीच्या दिवशी मांडवात त्या स्वतःच्या हाताने तुला पाणी देणार. तू प्यालीस तर मागचे विसरले. नाही प्यालीस तर त्या पुन्हा नाशिकला पाऊल टाकणार नाहीत आणि आरोहीही सुट्टीत तुमच्याकडे येणार नाही. हर्षलनेही मान डोलावली.

आणि तुम्ही तर स्वतःचे पाणी टाकीत भरून आणणार आहात.

तू माझ्या लग्नात यांच्या पंगतीला बसली होतीस. मामांनी नाक मुरडले, तेव्हा तू त्यांच्या पानात वाढायला सांगून शेजारी बसवलेस. ते मी विसरलेले नाही. मग नंतर काय बदलले? मी इथे नांदते. त्यांच्या हातचे खाते, पोरीला भरवते. तुझा तो पेला अजून रोज माझ्यापुढे येतो. भांडण झाले की येतो, नाही झाले तरी येतो.

आई, तू पाणी का घेतले नाहीस? नानांच्या गाडीचे मला सांगू नकोस. एवढेच सांग.

माया आहे म्हणून विचारते.
उज्वला

*

एकलहरे
२३ फेब्रुवारी

चि. उज्वलाला आईचा आशीर्वाद.

चार दिवस झाले, लिहायला बसते न् उठते. माझं लिहिणं सातवीचं हाय, सांभाळून घे.

माझी पिशवी काढली त्याला तीन वर्सं झाली. टाके बरे झाले असं तुला सांगितलं व्हतं. टाके बरेच झाले. पण तेव्हापासून मला लघवी धरत नाय. आली की आली. डॉक्टरीण म्हणली व्यायाम कर, नायतर अजून एक आपरेशन. आपरेशन मला नको. व्यायाम करते. घरात भागतं. बाहेर भागत नाय.

एकदा वणीच्या पुढं बसमध्ये झालं. शेजारी कालेजची पोरगी व्हती. तिनं पाय आखडून वर घेतले. ते पाय मला अजून दिसतात.

त्या दिवाळीला तुझ्याकडं येताना आदल्या रातीपासून पाणी घेतलं नव्हतं. विहीणबाईनं पेला दिला तेव्हा जीभ टाळूला चिकटली व्हती. पण तुमचा संडास पार आंब्याखाली, आन् वाटेवर खाटा टाकून सगळे बापे बसलेले. पाणी घेतलं तर उठावं लागंल. उठलं तर त्यांच्यासमोरून तिथवर पोचंन का नाय. पेला गार व्हता. हातात धरला, ठेवला.

मग मी कुठं जायचं बंद केलं. तुझ्या मावशीकडं नाय, बाजारात नाय. तुझ्या नानांनी गाडीचं काढलं. मी म्हणले दोन माणसांची गाडी केली तर गल्ली विचारील, म्हातारा-म्हातारीला संडासाची गाडी कशाला. मोठी केली तर म्हणतील रिटायर माणसाला हौस आली. ते बावीस फूट तेवढ्यासाठी हायेत. कोपऱ्यातले तीन फूट झाकायला.

आता तुला कळलं. जावयाला सांगू नको. विहीणबाईला तर मुळीच नको. मी जात पाळते असं त्यांना वाटलं तरी चालंल. हे नको. तुला आरोहीची शपथ.

जीवाला जप.
आई

*

पाडा
२ मार्च

ती. सौ. आईस, उज्वलाचा सा. न.

तू शपथ घातलीस. पाळीन. पण तू ती काढून घ्यावीस म्हणून हे लिहिते.

मला तुझी दया यायला हवी होती. आधी राग आला. तीन वर्षे तू मला टाके बरे झाले एवढेच सांगितलेस. आणि ही बाई दोन वर्षे समजते आहे की तिच्या हाताला काही लागले आहे. परवा पाहुणे आले तर सासूबाईंनी पाणी मला द्यायला सांगितले. स्वतः दिले नाही. तू एक झाकलेस, त्याचा भार दुसरीवर पडला. तुला तसे करायचे नव्हते हे मला कळते. त्यांना कसे कळणार?

गाडीचे सांगते. नाना म्हणतात ती फरशीच्या अलीकडे उभी करू. मी आज तिथून मांडवाच्या जागेपर्यंत चालून आले. चढ आहे, आडोसा नाही. तुला जमणार नाही, आई. जिच्यासाठी गाडी करताहेत तिलाच ती गाडी लांब पडेल. लहान असली तर फरशीवरून वळेल आणि आमच्या न्हाणीच्या मागे उभी राहील. तिथून घरात यायला दहा पावले.

लहान आली तर लोक विचारतील, हे खरे. त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. ते तुझ्याजवळ आहे.

सासूबाई हळदीचा तांब्या घासायला काढून बसल्या आहेत. त्या बोललेले मागे घेत नाहीत.

रागावली असलीस तरी लिही.
उज्वला

*

एकलहरे
१४ मार्च

चि. सौ. उज्वलास अ. उ. आ.

तुला सगळे कळले आहे असे आई म्हणते. बरे झाले. मला आडून लिहायला येत नाही.

गाडीचा सांगाडा तयार झाला होता. बाकीचे काम अंगणात करायचे, म्हणून परवा तो अंबडहून आणायला गेलो. पिकअप धनराज चालवत होता, मी मध्ये, आई खिडकीशी. पायरी किती उंच लागते ते बघायला तिला नेली होती. शहरातल्या शहरात म्हणून ती आली.

द्वारका चौकात वळताना सांगाड्याचे मागचे टोक दुभाजकात अडकले. पुढे जाईना, मागे येईना. मागे बस, रिक्षा, भाजीचे टेम्पो. हॉर्नने डोके उठले होते असे धनराज सांगतो. मला शांत होते.

आई दंडाला धरून काही सांगू लागली. मला वाटले घाबरली. पोलीस येईल, निघू, असे मी तिला सांगितले. तिने पुन्हा सांगितले. मीही पुन्हा तेच सांगितले. शेवटी तिने माझ्या कानाला तोंड लावले आणि ओरडली. काय ओरडली ते तुला लिहायला नको. लग्नापासून तिचे एवढे स्पष्ट मी ऐकले नव्हते. खिडक्या उघड्या होत्या, आणि नेमके तेव्हाच हॉर्न थांबले होते, हे मला धनराजने नंतर सांगितले. त्या वेळी तो काचेतून समोर बघत राहिला.

आई दार उघडून उतरली. रस्त्याच्या कडेला शेवंतीच्या पाट्या घेऊन एक बाई बसली होती. ती उठली, काही विचारले नाही, आईचा हात धरला आणि मागच्या गॅरेजात घेऊन गेली. पाट्या उघड्या टाकून. गॅरेजातल्या मुलांना तिने बाहेर काढले. मुले बाहेर येऊन आमच्या चाकाकडे बघत उभी राहिली.

आई वेळेत पोचली नाही. पण परत आली ती त्या बाईच्या गाठोड्यातले लुगडे नेसून. पिकअपकडे आली नाही, पाट्यांपाशी बसली. सांगाडा सुटायला अजून वेळ लागला. सुटल्यावर पाहिले तर ती चहा पीत होती. घराबाहेर, भर चौकात. दुसरा कप घेतला तोही मी पाहिला.

घरी आल्यावर तिने धनराजला सांगितले, मला नाही, की मधले दहा फूट कापून काढ. लोक विचारतील असे मी म्हणालो. त्यावर तिने वहीवर लिहून दाखवले, की द्वारकेला सांगून झाले, आता राहिले कोण.

धनराज उद्या कापायला येतो आहे. बावीस फूट मी चुकीचे धरले असे मला वाटत नाही. तिला झाकायचे होते तोवर ते बरोबर होते.

लुगडे धुऊन ठेवले आहे. परत द्यायला ती एकटी जाणार म्हणते, सिटी बसने. मी हो म्हटले आहे, पण मला झोप नाही.

आईने सोबत एक पत्र दिले आहे. ते तुझ्या नावाचे नाही, पण वाचायचे तुलाच आहे.
नाना

*

एकलहरे
१४ मार्च

सौ. रंगूबाई विहीणबाईंना, कुसाबाईचा रामराम वि. वि.

तुम्हाला वाचता येत नाय, म्हणून हे उज्वला वाचून दाखवील. चुलीपाशी बाया असतील तर त्यांनाबी ऐकू द्या. उज्वला, गाळू नको काही. शपथ काढून घेतली.

पिशवीच्या आपरेशनापासून मला लघवी धरत नाय. त्या दिवाळीला तुमचं पाणी घेतलं नाय ते त्याच्यामुळं. तुम्ही दुसरं समजला. मला कळत व्हतं तुम्ही काय समजला ते. मी समजू दिलं. लाजेपेक्षा ते सोपं वाटलं. तुमची दोन वर्सं कशी गेली आसतील ते उज्वलानं लिहिलं तेव्हा कळलं.

गाडी आता लहान केली. त्यात शेगडी नाय, टाकी हाय ती फक्त धुवायला. जेवायला आन् निजायला तुमच्या घरात येईन. कुणी विचारलं गाडी कशाची, तर संडासाची म्हणून सांगा. पोरीच्या लग्नात तुमच्या दारात असली गाडी उभी राहणार म्हणून तुम्हाला कमीपणा वाटत असंल, तर तसं कळवा. मी येणार नाय, रागबी धरणार नाय. पण कळवायचं ते तुम्ही कळवा, उज्वलाला मधी घालू नका.

हळदीला चारचौघांत मला पाणी देणार असं ऐकलं. द्या. माझ्याकडून एवढंच, की आंब्याच्या वाटेवरच्या बाप्यांच्या खाटा त्या दिवशी उचलायला लावा, गाडीपाशीबी कुणाला बसू देऊ नका. मग तांब्या भरून आणा. पेल्यानं भागायचं नाय.

लोभ लावा नायतर भांडा, पण बोला.
तुमची विहीण
कुसाबाई