घरात किती जण

२ मे, गुरु. अमरावती
सकाळपासून जपानी म्हातारे. आजच्या गठ्ठ्यात सगळे सत्तरीपुढचे, एकट्यानं राहणारे. तिकडच्या कंपन्या रोजच्या जगण्याबद्दल काय काय विचारतात! तांदूळ कुठून आणता, टीव्ही कशासाठी लावता, बाहेरून आल्यावर पहिला शब्द काय बोलता. मी उत्तरं वाचायची, दोन ओळींत सार लिहायचं, कोड टाकायचा, पुढचं उघडायचं. पुण्यात जपानी शिकत होते तेव्हा टोकियो बघायची स्वप्नं पडायची. आता रोज बघते, साईनगरच्या मागच्या खोलीत बसून.

एका आजोबांनी लिहिलंय: पुडिंग दोन आणतो. एक बायकोच्या फोटोपुढं ठेवतो. संध्याकाळी तेही मीच खातो, पण त्याची चव कमी झालेली असते.

याला कोड कुठला? 'इतर'मध्ये ढकललं. मग उगाच उठून पाणी पिऊन आले.

७ मे, मंगळ.
नवं काम आलं. हीच प्रश्नावली आता आपल्याकडच्या मधल्या शहरांत. अमरावती आणि अकोला. मराठी मीच करायची, काही मुलाखतीही मीच घ्यायच्या. पुणे ऑफिसचे नियम: सांगणारा सांगेल तेच लिहायचं. सुचवायचं नाही, वाद घालायचा नाही. नात्यातला माणूस चालणार नाही.

रात्री दादाचा फोन, बंगलोरहून. आई गेल्यापासून बापू अकोल्याला एकटे, त्यात मार्चात न्हाणीत पडले. म्हणतो, बस झालं, तुझ्याकडं आण आणि घर बंद कर. हुकूम सोडायला साहेब, अमलात आणायला मी. पण म्हणतो ते खोटं नाही. पुन्हा पडले आणि कुणाला कळलंच नाही तर?

१० मे, शुक्र. अकोला
अक्षय्य तृतीया. आईच्या नावाची घागर भरायला मुद्दाम आले. नवी घागर, खरबूज, पत्रावळ, सगळं घेऊन. बापू खाटेवरून हलेनात.
"घागर गेलेल्याची भरतेत. तिची काहून भरू?"
"बापू, आई गेली."
"तुयासाठी गेली."
असं अगदी साधं बोलले. मीच भरली, मीच नमस्कार केला. संध्याकाळी तांब्या बुडवला तर पाणी कोमट. कोरी घागर बाहेरून पाझरते, गार होते. ही ठणठणीत कोरडी. कुंभारानं फसवलं असेल.

अमरावतीला चलायचं काढलं तर म्हणाले, तिले इथं टाकून?

११ मे, शनि. अकोला
ऊन असलं की कुणी दार उघडेना. दोघांनी तर ग्रिलमधूनच हात हलवला. मुलाखती कमी पडत होत्या, म्हणून शेवटी बापूंनाच बसवलं. नातं लिहिलं नाही. चालतं तेवढं.

घरात किती जण राहतात? "दोघं."
पेन थांबलं. पण नियम म्हणजे नियम. २ लिहिलं.
बाजारातून काय आणायचं कोण ठरवतं? "तुयी मायच. मी निसती पिशवी धरतो."
बाहेरून आल्यावर पहिला शब्द? "आलो म्हनतो. न सांगता घरात गेलो त दचकते ते."
"मग ती काय म्हणते?" हे मी विचारलं.
"हे तुया फारमात हाये काय?"
फारमात नव्हतं. पुढच्या प्रश्नावर गेले. त्या वेळी स्वयंपाकघराकडं पाठ करून बसले होते आणि सारखी वळून बघत होते. बापू नाही, मी.

१५ मे, बुध. अमरावती
ऑफिसवाले काही नंबरांवर परत फोन करून खात्री करतात, कुणी घरी बसूनच फॉर्म भरले नाहीत ना म्हणून. माझं नशीब, त्यात बापूंचा नंबर निघाला. घरचा जुना फोन. मोबाइल ते वापरत नाहीत. दुपारी प्रज्ञाचा फोन, ऑफिसातली मुलगी, गोड आहे.
"ताई, अकोल्याचं चेक झालं. आजोबा झोपलेले होते, आजींनी उचलला. बाकी सगळं बरोबर. एकच दुरुस्ती सांगितली त्यांनी. घरात दोन नाही, एक जण."
मी म्हटलं, कोण आजी?
"त्यांच्या मिसेस असतील ना! काय छान बोलतात हो. 'इथं यकच मानूस राह्यते वं माय.' आणि मला रागावल्या, उन्हाच्या पारी कोनाले उठवू नाई म्हणे. मागं कूलरचा इतका आवाज, मला दोनदा विचारावं लागलं."

पुण्याची पोरगी, वऱ्हाडी कधी ऐकलेली नाही. आणि हुबेहूब आईसारखं बोलली. तो 'वं माय' तर...
अशी कुणी आजी त्या घरात नाही, हे सांगायचं म्हणजे मला कसं माहीत हेही सांगावं लागणार. मी "हो का" म्हणाले.

१६ मे, गुरु.
डोकं ठिकाणावर ठेवून एकेक बघायचं ठरवलं. पहिला फोन शेजारच्या नसरीन भाभींना. बापूंकडं डबा त्याच देतात, दुपारी बसतातही कधीकधी.
"मी कुठं होती ताई? भतीजीची शादी होती न, परवापासून अंजनगावले होती. आत्ता येऊन राहिली मी."
कामवाली सकाळीच जाते. राँग नंबर म्हणावा तर बाकीची सगळी उत्तरं कशी जुळली?

मग बापू. काल दुपारी फोन वाजला होता का?
"मले नाई आयकू आला. तिनं उचलला असन."
दूध उतू गेलं म्हणून सांगावं तसं. मला रागच आला, आणि त्या रागात सांगून टाकलं, की ती म्हणाली घरात एकच जण राहतो. सांगायला नको होतं.
पलीकडं खाट करकरली.
"यकच म्हने?"
"हो."
"कोनता यक, ते नाई सांगतलं?"
मी काही बोलायच्या आत फोन ठेवला.

१९ मे, रवि.
बापूंना आणलं. काल स्वतःच फोन केला, घेऊन जाय मले. इतके महिने हातापाया पडलो तेव्हा हलले नाहीत, आणि आज पिशवी भरून ओट्यावर बसलेले. मेन स्विच मी पाडला, कुलूप त्यांनी लावलं. दोन्ही किल्ल्या माझ्या हातात दिल्या. नसरीन भाभी रडल्या, ते नाही.

मूर्तिजापूर गेल्यावर पहिल्यांदा तोंड उघडलं.
"तिनं सोताले मोजलं नाई, का मले?"
गाडी माझा नवरा विलास चालवत होता, त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. त्याला मी यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. रात्री सांगितलं. म्हणाला, चुकीचा नंबर लागला असेल, झोप.
दादाचा मेसेज: शाब्बास.

२५ मे, शनि.
बापू जेवत नाहीत. चतकोर भाकरी, तीही ताटात चिवडलेली. डॉक्टर म्हणाले तपासण्या ठीक आहेत, जागा बदलली की होतं असं. दिवसभर दाराकडं तोंड करून बसतात. विलास संध्याकाळी बागेत नेतो. परत आल्यावर उंबऱ्याशी थांबतात, ओठ हलतात, आणि काही न बोलता आत येतात.

आज जपानी कामात एक बाई. घरी आले की 'आले' म्हणते, लिहिलंय. उत्तर येत नाही म्हणून हल्ली जरा मोठ्यानं म्हणते.
लॅपटॉप मिटला आणि पोटभर रडले. मला आईचा राग येतो. गेलेल्या माणसाचा काय राग धरायचा, पण येतो. असशील तर नीट सांग. नसशील तर दुसऱ्यांचे फोन उचलू नकोस.

३० मे, गुरु.
प्रज्ञाचा मेसेज: त्या अकोल्याच्या नंबरची दोन उत्तरं वेगळी, त्यामुळं नियमाप्रमाणं पुन्हा फोन करावा लागेल. उद्या दुपारी करते.
घर बंद आहे, ते माझे वडील आहेत, खोडून टाक, एवढं लिहायचं होतं. लिहिलं, पाठवलं नाही, पुसलं.

जेवताना बापूंना सांगितलं. त्यांनी हात धुतलेला होता, परत ताट ओढलं. अख्खी भाकरी खाल्ली.
"तिनं उचलला त मले तिथं नेऊन सोड. नाई उचलला त मी तुया घरी मरन, तोंडातून शब्द नाई काढनार."
"बापू, घराला कुलूप आहे."
"मंग तुले काय भेव? म्हन हो."
म्हटलं हो. रिकाम्या घरात कोण उचलणार, असं मनाशी म्हणत म्हटलं. शब्द दिला तो दिलाच. आता बसलेय घाबरत. उचलला नाही तर हे इथं माझ्या डोळ्यादेखत वाळत जाणार. आणि उचलला तर मी माझ्या हातानं त्यांना कुठं नेऊन ठेवणार आहे?

संध्याकाळी नसरीन भाभींना म्हटलं, घरावर जरा नजर टाका. लगेच जाऊन आल्या.
"कुलूप जसंच्या तसं हाये, ताई. पन कूलर बंद करायचा राहून गेला तुमचा. आवाज येऊन राहिला."
मेन स्विच मी स्वतः पाडलाय. विलास समोर होता. तिकडं भिंतीला भिंत लागून घरं, कुणाच्याही कूलरचा आवाज असू शकतो. हे मी भाभींना सांगितलं, त्या हो म्हणाल्या, आणि मग हळूच म्हणाल्या, की उद्यापासून पोरांना त्या बाजूला खेळू देणार नाही.

३१ मे, शुक्र.
सकाळपासून काम नाही. जपानी म्हातारे तसेच पडलेत. बापूंनी दाढी केली, कोरं धोतर नेसले, टोपी घातली. विलासनं विचारलं कुठं निघालात, तर म्हणाले, पाहू.

दुपारी मेसेज आला. 'ताई, अकोला लागला. आजीच होत्या. झालं बोलणं. मीटिंगला बोलावलंय, सुटले की फोन करून सांगते.'
तीनदा वाचला. मग खाली फरशीवरच बसले. भीती वाटली हे खरं. पण त्याच्याही आधी, अगदी पहिल्यांदा, मला बरं वाटलं. आई आहे म्हणून. हे मी कुणाला सांगणार नाही.

बापूंना माझ्याकडं बघूनच कळलं.
"उचलला ना?"
"उचलला. पण बापू, किती जण म्हणाली ते अजून कळलं नाही. प्रज्ञाचा फोन येईल, तोवर थांबा."
"मले नको सांगू तो आकडा."
"का? तेच तर विचारायचं होतं ना तुम्हाला?"
"आता मी तिथं नाई, त ते काय सांगनार? मले पोचू दे पह्यले. मंग इचार तिले."

दादाला फोन लावला. ओरडला, डोकं फिरलंय का म्हणाला, हात लावू देऊ नकोस त्यांना गाडीला. गाडीची किल्ली विलासनं टेबलावर माझ्यापुढं ठेवली आणि आत गेला.

प्रज्ञाचा फोन अजून नाही. बापू चपला घालून जिन्याच्या तोंडाशी बसलेत, पिशवी मांडीवर.