कुलगुरूंचे मौन

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

स्वस्ति श्री शके १८८३, प्लवनाम संवत्सरे, निज ज्येष्ठ मासे, शुक्लपक्षे, पश्चिमसमुद्रतीरस्थ-समस्त-विद्वज्जन-शिरोभूषण, वादिमत्तगज-पंचानन, शीघ्रकवी, महाकवी, ‘सिंधुतीरविलास’ या (अपूर्ण) महाकाव्याचे कर्ते, स्त्रीशिक्षणाचे पंचक्रोशीतील आद्य पुरस्कर्ते, गीर्वाणभारती गृहविद्यापीठाचे संस्थापक, कुलपती, कुलगुरू आणि (पद रिक्त असल्याने) कुलसचिव, पंडितप्रवर श्री. काशिनाथ राघोबा वालावलकर, सहायक शिक्षक, अप्रशिक्षित वेतनश्रेणी, यांच्या रोजनिशीस आज नव्याने प्रारंभ होत आहे. जुनी वाळवीने खाल्ली. पंचक्रोशीत माझ्या गद्याची गोडी असलेला तो एकमेव प्राणी.

१४ जून १९६१, बुधवार

एस.एस.सी.चा निकाल. चि. नीरजा शाळेत पहिली. पित्याचे तेज.

हेडमास्तरांनी पेढा हातावर ठेवला आणि सर्व स्टाफसमक्ष म्हणाले, “मास्तर, मुलगी सायन्सची आहे हो!” हा गृहस्थ माझ्या डोळ्यांदेखत चड्डीत फिरत होता. आज तो बी.टी., म्हणजे प्रशिक्षित शिक्षक, आहे, म्हणून खुर्चीत बसतो. मी विद्वान आहे, म्हणून स्टुलावर.

घरी येऊन गुण पाहिले. संस्कृतात काठावर पास. शरीरशास्त्र व आरोग्यशास्त्रात मात्र केंद्रात पहिली! ज्या घरात महाकाव्याचा तिसरा सर्ग चालू आहे, त्या घरातील कन्या यकृत आणि प्लीहा पाठ करीत होती, आणि मला कोणी कळवले नाही. संतापलो. पेढा मात्र बरा होता.

१५ जून

संकल्प सिद्ध झाला. नीरजेस कोल्हापूर, बेळगाव, कोठेही धाडण्याचे कारण नाही. गृहविद्यापीठ आजपासून कार्यान्वित. अभ्यासक्रम आखला तो असा: प्रातःकाळी मी महाकाव्य सांगावे, तिने लिहून घ्यावे. (माझे अक्षर मला लागत नाही. सर्वच थोरांचे असे असते.) नंतर चहा. दुपारी पूर्वीच्या सर्गांची सुवाच्य प्रत. नंतर चहा. वसतिगृह: आमचेच घर. भोजनव्यवस्था: विद्यार्थिनीने स्वहस्ते, सर्वांसाठी.

विद्यार्थिनी ऐकून तांदूळ निवडायला गेली. भारावली असावी.

१८ जून, रविवार

वाचनालयात माझे व्याख्यान: ‘स्त्री आणि नवे युग’. गर्जलो. “ज्या समाजाने कन्येच्या पायात बेडी घातली, तो समाज समुद्रात बुडाला!” असे म्हणून टेबलावर मूठ आपटली. टेबलाचा पाय निखळला. टाळ्या.

घरी आलो. चहा मागितला. चहाऐवजी नीरजा पुढे उभी राहिली आणि म्हणाली, “अप्पा, माका मुंबैक नर्सिंग शिकूक बोलयल्यानी हा. जुलैच्या पयल्या आठवड्यात हजर होवचा.”

नर्सिंग! वालावलकरांची कन्या परक्यांची भांडी उचलणार, आणि तीही जेवणाची नव्हेत! अर्ज केव्हा केला, कोणी करविला? तर मेहुणे लवू. गिरगावात कारकुनी करतात, सुट्टीला म्हणून इकडे येतात आणि आमचे मासे खाऊन आमच्याच घरास भोक पाडतात.

रात्री जेवलो नाही. फक्त भात, आमटी व एक बांगडा.

१९ जून

युक्तिवाद केला. सांगितले की सेवा ही उत्तम, परंतु काव्य हे शाश्वत. तिने शांतपणे ऐकले आणि मग असे बोलली की लिहिण्याआधी टाक दोनदा आपटला. क्रोधाने.

गेल्या साली शेजारची जानकी बाळंतपणात अडली. डोलीत घालून मालवणास नेताना वाटेतच गेली. त्यावर मी शार्दूलविक्रीडितात पाच श्लोक केले होते. पाचही निर्दोष. नीरजा म्हणाली, “जानकीवैनी गेली तेव्हा तुमी तिच्यार श्लोक केलास. माका श्लोक करूचे नाय, अप्पा. ती वाचतली कशी, ता माका शिकाचा हा.”

मी म्हणालो, वृत्त शार्दूलविक्रीडित होते, याचे तुला काही वाटत नाही?

ती म्हणाली, “तिच्या घोवाकय नाय वाटला.”

नवा भारत तो हा. धरणे बांधतात, कारखाने काढतात, ज्या त्या पोरास ‘टेक्निकल’ शिकायचे असते, ज्या त्या पोरीस पगार हवा. व्याकरण कोणालाच नको. जळो.

२३ जून

घर फितूर झाले आहे. सौ. यशोदेने लवूबरोबर संगनमत करून ट्रंकेस नवे कुलूप आणविले. मी विचारता म्हणाली, “जुना मोडला म्हणान.” ट्रंकही नवीच आहे, हे मी पाहिले नाही असे तिला वाटते.

अखेर ब्रह्मास्त्र काढले: अक्का. माझी ज्येष्ठ भगिनी, बालविधवा, परंपरेचा साक्षात स्तंभ. तिला म्हणालो, तूच समजाव पोरीला, मुलीचे स्थान कोठे असते ते सांग. अक्का नारळ खोवत होती. खोवता खोवता म्हणाली, “माका आठव्या वर्साक कोपऱ्यात बसयल्यानी, ते पण शिकलेलेच होते रे काशी. बापूस तुझ्यापरीस चांगला संस्कृत बोलायचो.”

आणि वर, “जाऊंदे तिका. चाय माझी मी करीन, तुझी तू कर.”

स्तंभ कोसळला. त्याखाली मी.

२६ जून

मार्ग सुचला! देवास कौल लावणार. या गावात विहीर खणायची असो वा सोयरीक जुळवायची असो, रवळनाथास विचारल्यावाचून पान हलत नाही. मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगास ओल्या पाकळ्या लावायच्या. जी आधी पडेल तो देवाचा शब्द. देवाच्या शब्दापुढे लवू कोण?

शिवाय हे केवळ श्रद्धेवर सोडलेले नाही. मी निरीक्षण केले आहे. देवाच्या उजव्या अंगास समई असते. ज्योतीच्या उष्णतेने पाकळी सुकते आणि सुकली की पडते. ‘घरी राहावे’ हा पक्ष मी उजवीकडे ठेवणार. यास लबाडी म्हणणे अज्ञान होय. हा विज्ञान आणि अध्यात्म यांचा समन्वय आहे. सायन्स फक्त हेडमास्तरांना कळते की काय?

नीरजेस सांगितले. म्हणाली, “इचारा देवाक. माझी ना नाय. पण गाडी कोणासाठी थांबाची नाय.”

उद्धट. तरी पुढला सोमवार ठरविला. त्याच सकाळी नीरजेला मुंबईच्या आगगाडीपर्यंत नेणारी, कसालमार्गे कोल्हापूरची गाडी देवळावरून जाते. ती रिकामी जाताना पाहायची आहे.

३ जुलै, सोमवार. सायंकाळी

जे घडले ते इतिहासासाठी नोंदवून ठेवतो. इतिहासाचाही मला राग आला आहे.

प्रातःकाळी सोवळे नेसून देवळात. अर्धा गाव हजर. गंगाराम गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणे घातले: “बा देवा रवळनाथा, ह्यो तुझो लेकरू काशिनाथ मास्तर तुझ्या पायाकडे इलो हा. तेच्या चेडवान मुंबैक जावचा की घराक ऱ्हवाचा, ता तू सांग रे म्हाराजा!” लोक म्हणाले, “व्हय म्हाराजा!”

मला ते फार त्रोटक वाटले. भारदस्तपणा नाही, प्रतिज्ञा नाही. म्हणून स्वतः पुढे होऊन पुरवणी जोडली, की जोवर देव बोलत नाही तोवर हा काशिनाथ आसन सोडणार नाही आणि मुखावाटे अक्षर काढणार नाही. लोक दुप्पट जोराने म्हणाले, “व्हय म्हाराजा!” सर्वांत मोठा आवाज अक्काचा.

बसलो.

पाकळी पडेना. उजवी नाही, डावी नाही. आषाढ तोंडावर आलेला, भिंतींना घाम, पाषाणाला घाम. समई वाऱ्याने विझली. गंगारामाची काडेपेटी सर्दावलेली; काडीमागून काडी, नुसते गुल झडत होते. दुसऱ्या कोणाकडून काडेपेटी आण, एवढेच सांगायचे होते. पण गाऱ्हाण्यात दिलेला शब्द मोडणाऱ्यास या गावात पुन्हा तोंड दाखवता येत नाही. आणि तोंड दाखवणे हा तर माझा व्यवसाय.

इतक्यात गाडीचा हॉर्न. लवू ट्रंक घेऊन गाडीपाशी. नीरजा आत आली. देवाला नमस्कार केला, मग माझ्या पायांवर डोके ठेवले. तिथेच बसून हळू आवाजात म्हणाली, “अप्पा, गाडी इली. मी जाव मा?” मी डोळे वटारले. ती म्हणाली, “नको म्हणाचा आसात तर आताच म्हणा. तुमी नको म्हटलास तर मी ऱ्हवतंय.”

ती खरेच राहिली असती. तिचा शब्द मला ठाऊक आहे. त्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे.

एक शब्द. दोन अक्षरी. ज्या मुखातून महाकाव्याचे अडीच सर्ग बाहेर पडले, त्यातून दोन अक्षरे निघेनात. गाव बघत होते. कंडक्टर बाहेरून ओरडला, “ओ मास्तरांच्या बाय, येतास काय जाव?” मी हात वर केला. थांब, या अर्थी. तिला तो आशीर्वाद वाटला. तिने पुन्हा वाकून नमस्कार केला. डोळे पुसले. आणि यशोदा दारातून म्हणाली, “गप्प आसत म्हणजे व्हय म्हणतत. वीस वर्षांत पयल्यांदाच गप्प बसलेत. चल गो, ते बोलूक लागायच्या आत!”

गाडी गेली. रिकामी नव्हे.

मध्यान्ही गंगारामाने दोन्ही पाकळ्या नखाने खरवडून काढल्या. म्हणाला, “मास्तरानू, देव म्हणता, तुमच्या घरचा तुमी बघा, माका त्यात घालू नकात. उठा आता. माका पेजेक जावचा हा.”

उठलो. पाय बधिर.

४ जुलै

शांतपणे विचार करता सत्य उलगडले. नीरजेला मीच पाठविले आहे. हात मी वर केला, तो कोणत्या अर्थी, हे माझ्यावाचून कोण सांगणार? गृहविद्यापीठाची मुंबई शाखा कालपासून सुरू झाली, अशी नोंद करीत आहे. शाखाप्रमुख: चि. नीरजा.

हेडमास्तरांनी प्रार्थनेच्या वेळी माझे जाहीर अभिनंदन केले, “असा पुरोगामी पिता” इत्यादी. स्वीकारले. बोलण्याची संधी देतील असे वाटले होते. घंटा दिली.

दुपारी महाकाव्य पुढे चालविण्यास बसलो. यशोदेस लेखणी देऊ केली. तिने हात दाखविले, दोन्ही माशांचे. स्वतः लिहिले. वाचता आले नाही. हा दोष शाईचा आहे. हल्लीची शाईसुद्धा बी.टी. झालेली दिसते.

६ जुलै, गुरुवार

आज मी अत्यंत क्रुद्ध आहे आणि या वेळी कारण निःसंशय योग्य आहे.

स्टोव्ह पेटत नाही. भोक तुंबले आहे. ते उघडायची पिन नीरजा ठेवीत असे. कोठे, हे या घरात कोणासही ठाऊक नाही. फडताळ पाहिले, तुळशीचा कोनाडा पाहिला, देव्हाऱ्यामागे हात घातला, झुरळ. यशोदा म्हणते, माका काय ठाव, तीच पेटवायची. अक्का म्हणते, “घाल तिका पत्र, आणि इचार.” एका पिनेसाठी कुलगुरूने शाखाप्रमुखास पत्र घालावे? आणि पत्रात पिनेखेरीज दुसरे काय लिहावे, हेही सुचत नाही.

दुकानात गेलो. शंकर वाणी म्हणतो, पिना संपल्या, मालवणाहून सोमवारी येतील. कोणत्या सोमवारी, विचारले. तर म्हणतो, “मास्तरानू, एका सोमवारी येतलेच.”

चुलीवर केलेल्या चहाला धुराचा वास येतो. आणि साखर किती घालायची, तेही या घरात कोणाला माहीत नाही.