आठपट वेगाची कॉपी

३ ऑगस्ट २००९
टीम लीडची जागा रिकामी. टीममध्ये उरलो दोघे, मी आणि कुंदन. कुंदन आठ वर्षांचा मित्र, पण महत्त्वाकांक्षा शून्य. म्हणजे मीच.

४ ऑगस्ट
तळोज्याच्या कारखान्याचं काम. पट्ट्यावरच्या प्रत्येक बाटलीचा फोटो काढायचा, लेबल नसेल तर बाटली बाहेर. फोटो मेमरीत कॉपी करायला सी-शार्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत तयार फंक्शन आहे. मी स्वतःचं लिहिणार. पॉइंटर घेऊन, म्हणजे थेट मेमरीत हात घालून, एका दमात आठ बाइट. कुंदन म्हणतो, तयार हाय ना, मग कशाला हात घालतोस? कुंदन पनवेलचा. पनवेलची माणसं अशीच मागे राहतात.

७ ऑगस्ट
झालं. आठपट वेग. तीनदा मोजलं. टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचे शंभर फोटो, शंभरच्या शंभर करेक्ट. कुमुद मॅडमना, म्हणजे बॉसला, डेमोतच कळू दे.

१० ऑगस्ट
कुंदन म्हणाला, आठपट जास्तीच वाटतंय, दुसरी बाटली ठेवून बघ. जळतोय बिचारा. नाही बघितलं.

१२ ऑगस्ट, दुपारी
डेमो. पहिली बाटली पास. दुसरी मुद्दाम बिनलेबलची. पास. मग सुपरवायझरने पट्ट्यावर स्वतःचं हेल्मेट ठेवलं. तेही पास. पडद्यावर झाकणाच्या जागी हेल्मेटचा माथा, खाली बाटली, लेबलसकट. सगळे हसले. कॉम्प्युटरने केसाने गळा कापला.
मॅडमनी विचारलं, हे कोणी लिहिलं? मी म्हटलं, कुंदनने. प्रसंगच तसा होता. कुंदनने हेल्मेट उचलून सुपरवायझरला परत दिलं. निदान ‘मी नाही’ तरी म्हणायचं.

१३ ऑगस्ट
कुंदनने चूक शोधली. फोटोची लांबी मी दोनदा आठने भागली होती. त्यामुळे वरचा आठवा भागच नवा यायचा, बाकी पहिल्याच फोटोचा, कारण तो तेवढा कॉपी न होता थेट मेमरीत यायचा. काम आठवा हिस्सा, म्हणून वेग आठपट. दुरुस्त केल्यावर तयार फंक्शनपेक्षाही हळू. त्याने माझी अख्खी फाइल उडवून तयार फंक्शनची एक ओळ टाकली. मला विचारलंसुद्धा नाही. ही मैत्री? त्याने माफी मागेपर्यंत बोलायचं नाही.

१७ ऑगस्ट
टीम लीड झालो. मॅडम म्हणाल्या, कुंदनने चूक आपली म्हणून लेखी दिलं आणि राजीनामा दिला. मी विचारलं, टीममध्ये कोण? म्हणाल्या, सध्या तुम्हीच.
त्याला चार वेळा फोन लावला. उचलत नाही. मी घाबरून एकदा खोटं बोललो, आणि यानं ते सहीनिशी खरं करून ठेवलं.